होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्यांच्या आठवणी कवितेत कशा उतरतात?

सरळ वर्णनातून क्वचितच. बहुतेकदा वाक्य तुटतं, नाहीतर तेच तेच परत येतं. कवी पाउल सेलानच्या ‘मृत्यूचा फ्यूग’ (फ्यूग म्हणजे एकच धून फिरून फिरून येणारी संगीतरचना) या जर्मन कवितेत विरामचिन्हंच नाहीत. ‘पहाटेचं काळं दूध’ पिण्याची ओळ जरा जरा बदलत पुन्हा पुन्हा येते, छळणारी आठवण येते तशीच. सेलानचे आईवडील १९४२ मध्ये हद्दपार झाले आणि छावणीतच गेले. तो स्वतः श्रमछावणीतून वाचला. आईची भाषा तीच मारेकऱ्यांची, तरी त्याने जर्मन सोडली नाही.

कवी दान पागिसचं उलट. लहानपणी तोही छावणीत होता, पण हिब्रूत लिहिताना आत्मकथा सांगत नाही. ‘बंद रेल्वेडब्यात पेन्सिलीने लिहिलेलं’ ही जेमतेम सहा ओळींची कविता. डब्यात बायबलमधली आदिमाता ईव्ह आणि तिचा मुलगा एबल, ज्याला बायबलमध्ये थोरला भाऊ केन मारतो. ईव्ह म्हणते, थोरला केन दिसला तर त्याला सांगा की मी... आणि कविता थांबते. नाझी, गॅस, छावणी, काहीच नाव घेऊन येत नाही. मला ही जास्त भिडते.

सुरुवात पागिसपासून करा. सेलान मात्र त्याच्याच आवाजात ऐका, ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जर्मन कळत नसलं तरी लय पोचते.