सकाळची पहिली बाटली सोडू नका

प्रश्न: शाळेत सोमवारी सकाळी लालसर पाणी येतं, जरा वेळाने साफ होतं. टाकी धुतली तरी तेच. काय करू?

टाकी बिचारी उगाच धुतलीत. पाणी दोन दिवस जीआय पाइपात, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपात, बसून राहतं, आतला जस्ताचा थर केव्हाच गेलेला असतो, मग लोखंड गंजतं आणि सोमवारच्या पहिल्या धारेबरोबर बाहेर पडतं. मी असाच एक पाइप कापून बघितलेला, बाहेरून ठणठणीत, रंगसुद्धा शाबूत, आणि आत गंजाच्या गाठी एवढ्या की पेन्सिल जाईना. लोखंड लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव बिघडते, डाग पडतात, एवढ्याने लगेच कोणी आजारी पडत नाही. पण या गाठी क्लोरीन खातात आणि जंतूंना आसरा देतात, म्हणून टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला क्लोरीन तपासा, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं.

प्रश्न: प्लंबरला शिशाचा संशय आहे पण लॅबचा रिपोर्ट ओके आला. सॅम्पल शिपायाने नळ पाच मिनिटं सोडून भरलं होतं.

अहो मग शिसं गटारात गेलं ना! जंतूंच्या टेस्टला नळ सोडून भरतात, धातूंसाठी उलटं. रात्रभर, म्हणजे ८ ते १८ तास, नळ कोणी वापरायचा नाही, सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं २५० मिली भरायचं आणि नळाची जाळी काढायची नाही, मग अर्धा मिनिट पाणी सोडून दुसरी बाटली. पहिल्या बाटलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी असेल तर दोष बहुतेक पितळी नळाचा किंवा जवळच्या सांध्याचा, दोन्हीत जास्त असेल तर आतली लाइन बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि खरं तर मुलांसाठी शिसं जितकं कमी तितकं बरं.

प्रश्न: टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ९० दाखवतो, म्हणजे पाणी चांगलंच ना?

मीटर १ पीपीएमच्या (लिटरला १ मिलिग्रॅमच्या) खालचं काही दाखवत नाही आणि शिशाची मर्यादा आहे ०.०१ पीपीएम, आता तुम्हीच बघा. शिवाय आकडा कमी म्हणजे पाणी चांगलंच असं नाही, फार मऊ (कमी क्षारांचं) किंवा आम्लधर्मी पाणी पाइपाला जास्त खातं.

प्रश्न: पाणी उकळून दिलं तर?

जंतू मरतील. शिसं तिथेच राहणार, वाफ गेली की त्याचं प्रमाण उलट वाढणार. निकाल येईपर्यंत शिशाचा संशय असलेला नळ बंद ठेवा, हात धुवायलासुद्धा नको, मुलं तिथेच ओंजळ लावतात.