धरणाच्या काठावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खडकवासल्याला काठावर पाणी जेमतेम घोट्याएवढं दिसतं. मुलं पाय बुडवायचा हट्ट धरतात. आम्ही शेजारी उभे राहिलो तर चालेल ना? (धायरी)

उत्तर : नाही चालणार. त्या घोटाभर पाण्यानेच माणसं फसतात. धरणाचा तळ बशीसारखा हळूहळू खोल होत नाही. पाणी अडवण्याआधी तिथे शेतं होती, बांध होते, ओढे होते, नदीचं पात्र होतं. ते सगळं पाण्याखाली तसंच आहे. दहा पावलं घोटाभर पाण्यातून जावीत आणि अकरावं थेट जुन्या ओढ्यात पडावं, असं इथे होतं. पाणी गढूळ असल्यामुळे वरून ती कड दिसत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तेव्हा धोका गाळाचा. वरची खपली उन्हाने वाळते, तिला भेगा पडतात आणि जमीन टणक वाटते. खाली लोण्यासारखा चिखल असतो. हातात काठी ठेवा. ती सहज वीतभर आत गेली की तिथूनच मागे फिरा. पाय रुतलाच तर हिसका देऊन उपसू नका. ओला गाळ तळव्याला चोखून धरतो आणि हिसक्याचा सगळा भार दुसऱ्या पायावर येऊन तोही आत जातो. खाली बसा, मागे रेला, म्हणजे अंगाचा भार पसरेल. मग टाच गोल हलवत पाय सोडवा आणि आलात त्याच वाटेने रांगत परता. चप्पल आत राहिली तर राहू द्या.

पोहता येतं, हाही आधार धरू नका. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतच नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना हाक मारायला श्वास उरत नाही. अशा वेळी नातेवाईक एकापाठोपाठ पाण्यात उतरतात आणि एकाच्या जागी तिघं जातात. म्हणून गाडीत पंधरा मीटर दोरी आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. दोरी कॅनच्या मुठीला बांधा, फेक नीट जावी म्हणून कॅनमध्ये पेलाभर पाणी घाला, आणि कॅन माणसाच्या पलीकडे टाकून दोरी त्याच्या हातात येईल अशी ओढा. दोघांनी काठावर बसून ओढायचं, तिसऱ्याने ११२ लावायचा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीवर तीस दाब, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात बातम्यांत ‘इतक्या क्युसेकने विसर्ग’ असं सांगतात. त्यावरून नदीकाठी बसावं की नाही, हे कसं ठरवायचं? (वारजे)

उत्तर : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि चौघांत खडकवासलाच सर्वांत लहान : साठा १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगावचा १२.८२. वरून साडेअकरा हजार क्युसेक येत राहिले तर दिवसाला एक टीएमसी होतो. म्हणजे पार रिकामं खडकवासलाही दोन दिवसांच्या आत भरेल. म्हणूनच वरची धरणं भरली की इथला विसर्ग काही तासांत बदलतो आणि सकाळचा आकडा दुपारी कामाचा राहत नाही.

विसर्ग सुरू असताना किंवा तो वाढवण्याचा इशारा असताना धरणाखालच्या पात्रात बसूच नका. पात्रातल्या खडकांवर बसलेल्यांची अडचण वेगळीच असते : पाणी वाढताना आधी तुमच्या आणि काठाच्या मधली सखल जागा भरते. खडक कोरडा असतो, परतीची वाट गेलेली असते. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत आला, आवाज जड झाला, की सामान न आवरता बाहेर पडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. पुण्याने हे पाहिलेलं आहे.

प्रश्न : रविवारी आजीला घेऊन जायचं आहे. किती वाजता निघावं? (सदाशिव पेठ)

उत्तर : सकाळी सात-साडेसातला पोहोचा आणि अकराच्या आत परता. संध्याकाळी सिंहगडाची आणि पानशेतची परतीची गर्दी धरणापाशी एकाच रस्त्यावर येते, त्यात भाजी-कणसांच्या गाड्यांपुढे उभी केलेली वाहनं. त्या कोंडीत वयस्कर माणसाचे हाल होतात ते मुख्यतः स्वच्छतागृहावाचून. आजींसाठी घडीची खुर्ची न्या. दगडी कठड्यावर फार वेळ बसवत नाही. पावसाळ्यात निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आहे का, ते त्याच दिवशी सकाळी पाहा.

प्रश्न : काठावर गाडी धुतली तर एवढ्या मोठ्या पाण्याला काय फरक पडतो? (कात्रज)

उत्तर : हेच पाणी पर्वतीच्या जलकेंद्रातून पुण्याच्या नळाला येतं. साबणाचं आणि ऑइलचं पाणी काठाच्या उथळ, संथ भागात साचून राहतं. साबणातल्या फॉस्फेटवर शेवाळ माजतं. गाळणीत माती अडते, विरघळलेलं सगळं अडत नाही. गाडी घरी धुवा, बादलीभर पाण्यात. कणसाची पानं आणि द्रोणही पिशवीत भरून परत आणा.

प्रश्न : पक्षी पाहायला कधी यावं? (बावधन)

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. जलाशय धरणाच्या पश्चिमेला पसरलेला आहे, त्यामुळे धरणाच्या बाजूने पाहिलं तर सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि रंग स्पष्ट दिसतात. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. पाणकावळे आणि हळदी-कुंकू बदकं सहज दिसतील. उथळ चिखलात शेकाट्या असतो, लांब गुलाबी पायांचा. तुमच्या घरापासून पाषाण तलाव जवळ आहे. दुर्बीण हाताळायची सवय तिथेच करून घ्या.