नवी रीफ टाकी: आधी हात आवर

खाऱ्या पाण्यातली ही कोरलांची (प्रवाळांची) टाकी छान लागलीय. आता महिनाभर रोज तिच्यात हात घालू नकोस.

लाइट पूर्ण जोरात लावू नको. ३०-४० टक्क्यांवर सुरू कर, दर आठवड्याला थोडा चढव. कोरल फिकं पडलं की नवे लोक लाइट वाढवतात, तिथेच घात होतो. बहुतेकदा प्रकाश जास्त असतो किंवा पोषण कमी.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) ठेव. आकड्यापेक्षा ती न हलणं महत्त्वाचं. झोॲन्थस, मशरूम असली मऊ कोरलं ती फारशी वापरतच नाहीत, म्हणून ती वाढवणाऱ्या बफरची बाटली आत्ता घेऊच नकोस. नियमित पाणी बदललंस की झालं. (दगडी कोरलांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. गोव्याच्या ग्रांदे बेटावरून काही उचलून आणायचा विचारही नको.)

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट सोड:
- नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात भाग)
- फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास

शून्य झालं की कोरलं उपाशी, आणि वाळूवर डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा) चिकट तपकिरी थर.

आणि टाकीसाठी मिरामार किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी नको रे! पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी खारटपणा पार उतरतो. आरओचं (गाळून शुद्ध केलेलं) पाणी, रीफचं मीठ, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात भाग). डोसिंग पंपाचं (बफरसारखी द्रावणं आपोआप थोडीथोडी सोडणाऱ्या) पुढच्या वर्षी बघू.