बॅरल नेमके केवढे?

प्रश्न : खनिज तेलाचे भाव वृत्तपत्रांत नेहमी ‘प्रति बॅरल’ असे दिलेले असतात. आमच्या शेतावर जीवामृतासाठी 200 लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप आहे, त्यालाही सगळे बॅरलच म्हणतात. तेलाचे बॅरल तेवढेच असते काय? आणि बंदुकीच्या नळीला इंग्रजीत हाच शब्द कसा काय? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तेवढे नसते. तेलाच्या व्यवहारातील बॅरल म्हणजे 42 अमेरिकन गॅलन, अर्थात सुमारे 159 लिटर. तुमचे पिंप त्याहून चाळीसेक लिटरांनी मोठे आहे. वंगणाचे पोलादी ड्रम 55 गॅलनांच्या आसपास असतात आणि तुमचे पिंप त्यांच्या कुळातले आहे. बोलीभाषेत या साऱ्यांना सरसकट बॅरल म्हटले जाते व त्यात काही बिघडत नाही, मात्र हिशेब करताना गल्लत होऊ देऊ नये.

42 हा आकडा आला तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून. 1859 साली तेथे टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि बघता बघता इतके तेल निघू लागले की ते भरायला भांडी पुरेनात. व्हिस्की, मासे, मद्य यांसाठी बनवलेली, हाताला लागतील ती लाकडी पिंपे वापरली गेली. प्रत्येकाचे माप निराळे, शिवाय खडबडीत रस्त्यांवरून गाडीने नेताना तेल झिरपायचे आणि उडूनही जायचे, त्यामुळे पैसे मोजूनही माल कमी भरतो, ही गिऱ्हाइकांची ओरड रास्तच होती. अखेर 1866 मध्ये उत्पादकांनी 40 गॅलनांच्या दरात दोन गॅलन वर घालून द्यायचे ठरवले आणि 1872 मध्ये त्यांच्या संघटनेने 42 गॅलनांचे माप पक्के केले. हे मापही कोरे करकरीत नव्हते, कारण इंग्लंडमध्ये मद्यासाठी 42 गॅलनांचे पिंप कित्येक शतके रूढ होते. तेलाच्या आकड्यांपुढे बॅरलची खूण म्हणून ‘बीबीएल’ (bbl) अशी अक्षरे असतात, ती स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेल कंपनीच्या निळ्या पिंपांवरून, म्हणजे ‘ब्लू बॅरल’वरून आली असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. परंतु ती कंपनी 1870 ची आणि ही खूण त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती, तेव्हा ही कथा सोडून द्यावी हे बरे.

आज कच्चे तेल पिंपात भरून कोणी नेत नाही. मुंबई हायचे तेल समुद्रतळावरील वाहिनीतून उरणला येते, परदेशातले टँकर जहाजांतून. पिंप गेले आणि माप राहिले.

बंदुकीकडे वळू. युरोपातील आरंभीच्या अनेक मोठ्या तोफा ओतीव नव्हत्या. लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार उभ्या करून त्यांवर तापवलेली लोखंडी कडी चढवत आणि कडी निवली की आवळून पट्ट्यांना घट्ट धरून ठेवी; बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात ती हीच युक्ती. लाकडी पिंपही फळ्या आणि कड्यांचेच असल्याने तोफेच्या नळीला पिंपाचे नाव मिळाले आणि पुढे ते बंदुकीलाही चिकटले. एडिंबरोच्या किल्ल्यातील 1449 साली घडवलेल्या ‘मॉन्स मेग’ या तोफेवर या कड्या आजही स्पष्ट दिसतात. मराठीने मात्र आकाराकडे पाहून ‘नळी’ म्हटले आणि त्यावरून ‘दुनळी’ झाली. आपले ‘पिंप’ पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेले आहे.

बॅरल हे एकच एक माप आहे, असेही समजू नये. बिअरचे बॅरल ब्रिटनमध्ये 36 ब्रिटिश गॅलनांचे, म्हणजे सुमारे 164 लिटरांचे असते, तर अमेरिकेत ते 31 अमेरिकन गॅलनांचे, सुमारे 117 लिटरांचे भरते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी बातम्या वाचताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्याकडे तेलाचे उत्पादन व आयात बहुधा टनांत मोजतात आणि भाव बॅरलचा असतो. बॅरल हे आकारमान व टन हे वजन असल्याने तेल जड की हलके यावर उत्तर थोडे बदलते, पण सरासरी एका टनात 7.33 बॅरल धरतात. त्यामुळे ‘दररोज इतके बॅरल’ असे वाचले की त्या आकड्याला 50 ने गुणावे. वर्षाचे टन जवळपास बरोबर निघतात.