गालाचं हाड वाढतंय: ऑपरेशनच्या आधी निदान पक्कं करा

ताई, तुम्ही लिहिलंय की 13 वर्षांच्या भाचीचा डावा गाल वर्षभरापासून हळूहळू फुगतोय, दुखत मात्र नाही. सीटी रिपोर्टमध्ये फायब्रस डिसप्लेजिया आलंय, म्हणजे नेहमीच्या हाडाच्या जागी तंतूंसारखं कच्चं हाड वाढतं तो आजार. एक डॉक्टर म्हणतात लगेच काढा, दुसरे म्हणतात थांबा. माझ्या धाकट्या भावाला हेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मला थांबा म्हणणारे डॉक्टर पटतात, पण आधी निदान पक्कं होऊ द्या. सीटीची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर भागत नाही. या आजारात हाड दुधी काचेसारखं धुरकट दिसतं आणि त्याची कड शेजारच्या हाडात विरून जाते. ऑसिफाइंग फायब्रोमा ही हाडातलीच वेगळी गाठ, दिसायला जवळपास तशीच, पण तिची कड रेखीव असते. ती पूर्ण काढावी लागते, अर्धवट राहिली तर परत वाढते. शंका असेल तर तोंडाच्या आतून तुकडा काढून तपासतात, गालावर व्रण राहत नाही. ‘हात लावला की गाठ भडकते’ असं घरातलं कुणी म्हणेलच, ते मनावर घेऊ नका.

फायब्रस डिसप्लेजियाच असेल तर वाढत्या वयात तासलेलं हाड पुन्हा भरून येऊ शकतं. वयात आल्यावर वाढ बहुतेकांची मंदावते. भावाचं हाड तेव्हाच तासलं. नजर जात असेल किंवा नाक बंद होत असेल तर मात्र वयासाठी थांबत नाहीत.

सीटीत डोळ्याच्या नसेभोवती हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. नजर चांगली असताना केवळ खबरदारी म्हणून ती नस मोकळी करत नाहीत. नजर, रंगांची ओळख आणि फील्ड (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते) मात्र नियमित तपासा. नजर अचानक मंदावली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज सरकारी मेडिकल कॉलेजलाच लागून आहे, त्यामुळे जबड्याचे सर्जन आणि डोळ्यांचे डॉक्टर दोघांनाही दाखवणं सोपं पडतं.

अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग आहेत का, पाळी फारच लवकर आली होती का, हेही डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर हार्मोन्स आणि बाकीची हाडंही तपासावी लागतात.

तिच्या आईला सांगा, हा आजार आईवडिलांकडून येत नाही. गर्भ वाढताना एका पेशीतल्या जनुकात आपोआप बदल होतो, त्यात कुणाचीच चूक नसते. कॅन्सर होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, पण रेडिएशन दिल्यास ती वाढते, म्हणून ते कुणी सुचवलं तर तयार होऊ नका.