बी.कॉम.ला पर्यावरणाचं मायनर घेऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नगर जिल्ह्यातली, बी.कॉम. फर्स्ट इयरला आहे. मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुसरा विषय, निवडायचंय आणि मला पर्यावरणशास्त्र घ्यावंसं वाटतंय, पण पप्पा म्हणतात कॉमर्सवाल्यांना त्याचा काय उपयोग, कॉम्प्युटर घे. मैत्रिणी म्हणतात ते कंपल्सरी ईव्हीएसच (पर्यावरणाचा पेपर) परत असतं, नुसती फाईल करायची. दहावीनंतर सायन्स सुटलंय, झेपेल का?

उत्तर : झेपेल, आणि तुझं कॉमर्स आहे म्हणूनच घे असं मी म्हणेन. आधी मैत्रिणींचं बघू. ईव्हीएस सगळ्यांनाच आहे कारण 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसा आदेश दिला होता, पण तो तोंडओळखीचा पेपर आहे, मायनरमध्ये तोच विषय काही सेमिस्टर सलग शिकायचा असतो आणि हाताने करून बघायचा असतो.

केमिस्ट्रीची भीती वाटते ना, तर एक सांगते. ओढ्याच्या पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते बघायला काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात, त्यात दोन द्रावणं घालतात, ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. गावातलं सांडपाणी मिसळतं तिथलं पाणी घेऊन मी हे केलं तेव्हा साका पांढराच राहिला आणि पुढचं गणित करायची गरजच पडली नाही, पोटात कालवलं अगदी. याला बारावी सायन्स लागत नाही गं, शिकवणारे नीट हवेत.

आता पप्पांचा प्रश्न. तुमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघ, तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांना-जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं, शेतीला बोअरवेल नाही, ऊस नाही. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे तुझ्याच अभ्यासातलं झालं की नाही? आणि हे ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं ते पोपटराव पवार स्वतः एम.कॉम. आहेत, हे पप्पांना आवर्जून सांग.

नोकरीचं म्हणशील तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारातल्या किमतीने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना वीज, पाणी, कचरा, कार्बन या सगळ्याचा रिपोर्ट देणं बंधनकारक केलंय. तो भरायला बिलं वाचता येणारा आणि युनिट कळणारा माणूस लागतो. लगेच मोठा पगार मिळेल असं मी म्हणत नाही, पण अकाउंट्स पक्कं ठेवून हे शिकलीस तर दोन्हीकडचं बोलणं तुला समजेल. कॉम्प्युटरही सुटत नाही, नकाशे करायचं क्यूजीआयएस फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं, तुझ्या गावच्या विहिरींचा नकाशा करून बघ.

माझी अट एकच, फील्डवर्क खरं व्हायला हवं. डिपार्टमेंटला जाऊन विचार वर्षात किती दिवस बाहेर नेतात, आणि फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन सीनियर मुलींच्या जर्नल्स मागून बघ. सगळ्यांच्या वह्यांत अगदी तेच आकडे असतील तर ओढ्यावर कोणी गेलेलंच नाही, मग मात्र पप्पा म्हणतात ते घे.