गाभण गाईला लस टोचावी का?

प्रश्न : आमची गाय सात महिन्यांची गाभण आहे. मागच्या वेताचे वासरू आठव्या दिवशी हगवणीने दगावले, म्हणून या वेळी गाईला आधीच लस द्यावी असे पशुवैद्यकांनी सुचवले आहे. परंतु लस टोचल्याने गाय गाभडते, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, ती सरसकट सगळ्या लसींना लावली जाते, एवढीच तिच्यातली चूक. सांसर्गिक गर्भपाताच्या लसीसारख्या, जिवंत जंतू असलेल्या काही लसींनी गाभण गाय खरोखरच गाभडू शकते, आणि म्हणूनच ती लस साधारण ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच देतात. हगवणीविरुद्ध गाभण गाईला टोचायच्या लसी मृत जंतूंच्या असतात. त्यांनी फार तर एखाददुसरा दिवस कणकण येते किंवा टोचल्या जागी गाठ धरते. मात्र जड अंगाच्या गाईला ओढाताण करून, पाडून टोचू नये. अशा वेळी काही बिघडले, तर दोष नाहक लसीवर येतो.

मुळात ही लस गाईला टोचायची ती वासरासाठी. गाईच्या वारेची घडणच अशी असते की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. विण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत ती कासेत उतरतात आणि चिकात साठतात. रोटा व कोरोना विषाणू आणि ई. कोलाय हे जिवाणू यांमुळे होणाऱ्या हगवणीची लस विण्यापूर्वी साधारण १२ ते ३ आठवड्यांच्या दरम्यान देतात ती याच कारणाने. एक मात्रा की दोन, हे त्या त्या लसीवर ठरते. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा धरला, तर आपल्या गाईला अजून दहाएक आठवडे आहेत, म्हणजे वेळ योग्य आहे.

पण लस टोचूनही चीक उशिरा पाजला, तर सारे व्यर्थ. बोटांना चिकटणारा तो दाट, पिवळा चीक वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पोटात जायला हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. प्रतिपिंडे शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. जार पडेपर्यंत कासेला हात न लावणे ही तर शुद्ध हानीच आहे. साठवलेला गोठीव चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवावा, उकळू नये. उकळल्यास प्रतिपिंडे नष्ट होतात.

प्रश्न : मग वासराला लाळ्या-खुरकूताची लस लगेच द्यावी का?

उत्तर : नाही. आईला ती लस नियमित मिळत असेल, तर चिकातून आलेली तीच प्रतिपिंडे वासराच्या लसीला निष्प्रभ करतात. म्हणून पहिली मात्रा साधारण चौथ्या महिन्यात आणि दुसरी त्यानंतर महिन्याभराने देतात. आईला लस दिलेली नसेल, तर पशुवैद्यक हे वय अलीकडे आणू शकतात. त्यासाठी गाईच्या लसीकरणाच्या नोंदी त्यांना दाखवाव्यात.